ब्लूबेरीच्या शेतात मधमाशी आणि बंबलबी: दोघींचं काम एकच नाही

अमेरिकेतल्या मेन राज्यात मेच्या अखेरीस जंगली ब्लूबेरीची बुटकी झुडपं फुलतात आणि ट्रकच्या ट्रक भरून मधपेट्या शेतात उतरतात. यातल्या बऱ्याच पेट्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांत काम करून आलेल्या असतात. अस्वलांनी त्या फोडू नयेत म्हणून भोवती विजेच्या तारांचं कुंपण घालतात. काही शेतांत मात्र वेगळीच खोकी दिसतात, एकेका खोक्यात चार छोट्या वसाहती. त्या बंबलबीच्या, म्हणजे मधमाशीच्याच कुळातल्या जाडजूड, केसाळ माशीच्या. दोन्ही पाळीव, दोन्ही परागीभवनासाठीच आणलेल्या, म्हणून ‘माशा त्या माशा’ असं धरून हिशेब होतो आणि तिथेच गफलत होते.

फरक कळायला फूल जवळून पाहायला हवं. पांढरट, घंटेसारखं, तोंड खाली. आतले परागकोश इतर फुलांसारखे फाटून उघडत नाहीत. टोकाला बारीक छिद्र असतं, मीठदाणीसारखं. हलवल्याशिवाय पराग नीट पडत नाही. बंबलबी फुलाला लटकते, पुंकेसर घट्ट धरते आणि पंख न फडकवता उडण्याचे स्नायू थरथरवते. तो गूं-गूं आवाज कानांनी ऐकू येतो आणि पराग तिच्या अंगावर सांडतो. आपल्याकडे वांग्याच्या फुलावर भुंगा नेमकं हेच करतो.

मधमाशीला हे जमत नाही. ती मुख्यतः मकरंदासाठी येते आणि डोक्याला, पायांना लागेल तेवढाच पराग पुढच्या फुलाकडे जातो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात तर भुंग्याची जातभाई माशी फुलाला बुडाशी चीर पाडून मकरंद चोरते आणि मधमाशा त्याच चिरेतून आयता पितात. अशा भेटीत पराग फारसा पोचत नाही. जंगली ब्लूबेरीला तर पराग दुसऱ्या झाडाचाच लागतो, स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही. बी जितकं जास्त, फळ तितकं मोठं. पराग कमी पडला की फळ बारीक राहतं आणि उशिरा पिकतं.

म्हणून मधमाशी निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. भर हंगामात एका पेटीत ३०,००० च्या आसपास माशा असतात, बंबलबीच्या वसाहतीत जेमतेम काही शे. एका भेटीत बंबलबी सरस, पण मधमाशी संख्येच्या जोरावर हजारो एकर उरकते. फुलोरा संपला की तीच पेटी पुढच्या पिकाकडे जाते; बंबलबीची वसाहत मात्र हंगामाअखेर मरते, फक्त नव्या राण्या हिवाळा काढतात.

खरी परीक्षा हवामान घेतं. पारा १३ अंशांखाली गेला की मधमाशा पेटीतच बसतात. बंबलबी १० अंशांतही, ढगाळ हवेत, रिमझिम पावसातही बाहेर पडते. फुलोऱ्यात थंडी-पावसाचा आठवडा आला तर पेट्या कितीही असोत, काम तीच करते. माझ्या मते ज्यांच्या शेतात अशी हवा दरवर्षी असते त्यांनी थोडी तरी खोकी आणावीतच.

फक्त ती कुठली आहेत ते पाहून. बाजारात मिळणारी जात पूर्व अमेरिकेतली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन राज्यात ती परकी, म्हणून आणायला मनाई आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबियात ती सुटून रानात स्थिरावली आहे.