डॉल्फिन वर का येतो?
दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे किनाऱ्यावरून किंवा तारकर्लीहून होडीने गेलेले पर्यटक ‘डॉल्फिन मासा आपल्याला भेटायला वर येतो’ असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. डॉल्फिन हा मुळात मासा नव्हे. तो पिल्लांना दूध पाजणारा सस्तन प्राणी असून त्याला कल्ले नसतात, त्यामुळे डोक्यावरच्या श्वासछिद्रातून हवा घेण्यासाठी, होडी असो वा नसो, त्याला पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर यावेच लागते. (माशाची शेपटी उभी असते, याची आडवी.) आपल्या किनाऱ्यालगत बहुधा दिसणारा हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधतो, इंजिनाच्या गोंगाटात त्याचा पाठलाग करणे मला अत्यंत अनुचित वाटते, शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने त्याला संरक्षण दिलेले आहे.