स्क्रीनशॉट: टिपणे लवकर जमले, झाकणे अजून नाही

स्क्रीनशॉट काढणाऱ्या सामान्य माणसाच्या अपेक्षा मोजक्या असतात. हवा तेवढाच भाग घेता यावा, त्यावर लाल चौकट किंवा बाण काढता यावा, खाते क्रमांकासारखी गोष्ट झाकता यावी, चित्र लगेच पाठवता यावे आणि महिन्याभराने शोधले तर सापडावे. पडदा टिपण्याची कळ १९८१ पासून कीबोर्डवर आहे. बाकीच्या गोष्टी मिळायला मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे लागली, आणि त्यातले झाकण्याचे काम आजही पूर्ण भरवशाचे नाही.

त्याआधी पडद्याचा फोटोच काढावा लागे. संगणकाच्या मासिकांत छापण्यासाठी खोलीत अंधार करून, कॅमेरा स्टँडवर लावून, शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवून छायाचित्र घेत. काचेच्या नळीचा पडदा वरून खाली सतत नव्याने रेखाटला जात असल्यामुळे शटर घाईने मिटले तर फोटोत काळा पट्टा येई.

१९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबले की पडद्यावरच्या २५ ओळी थेट प्रिंटरवर उतरत. कळीचे नाव तिच्या कामाचेच होते. पडद्यावर आलेख किंवा आकृती असेल तर ती छापण्यासाठी डॉस या त्या संगणकाच्या मूळ प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८३ मध्ये, ग्राफिक्स नावाची वेगळी आज्ञा आली. १९८४ च्या मॅकिन्टॉशने पडदा फाइल म्हणून साठवायला सुरुवात केली. कमांड, शिफ्ट आणि ३ या कळा एकत्र दाबल्या की ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र डिस्कवर तयार होई. त्या तीन कळा आजच्या मॅकवरही तेच काम करतात.

विंडोजने तिसरा मार्ग धरला. तिथे प्रिंट स्क्रीन दाबल्यावर काही छापले जात नसे, फाइल बनत नसे, आवाजही होत नसे. चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, जाई आणि दुसरे काही कॉपी केले की पुसले जाई. नव्या माणसाला कळ बिघडली असेच वाटे. पेंट उघडा, चिकटवा, कापा, नाव द्या, साठवा, एवढे करेपर्यंत मूळ काम बाजूला राही. म्हणून कचेऱ्यांमध्ये एक पद्धत रुळली, ती आजही दिसते: स्क्रीनशॉट वर्डच्या फाइलमध्ये चिकटवायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि ती फाइल ईमेलने पाठवायची. या पद्धतीला अडाणीपणा म्हणून नाके मुरडणारे खूप भेटतात. मला त्यात वापरणाऱ्याची खरी गरज दिसते. त्याला नुसते चित्र पाठवायचे नसते. 'इथे हे बटण दाबले आणि ही चूक आली' हे चित्राला लागूनच सांगायचे असते, आणि त्या काळी त्याच्या हाताशी असलेल्या साधनांत ही सोय फक्त वर्डमध्ये होती.

ही गरज व्यवसाय म्हणून आधी ओळखली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या टेकस्मिथ कंपनीने. तिचे स्नॅगइट १९९० मध्ये आले. माहितीपुस्तिका लिहिणारे आणि प्रशिक्षण देणारे लोक ते पैसे मोजून घेत. घरगुती माणसापर्यंत अशी सोय विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये पोहोचली. स्निपिंग टूलने माउसने आयत ओढून हवा तेवढाच भाग घेता येऊ लागला आणि सोबत एक पेन मिळाले. तरी उघडलेला मेनू टिपायला गेले की क्लिक होताच मेनू मिटे. काही सेकंद थांबून टिपण्याची सोय त्या टूलमध्ये विंडोज १० बरोबर, २०१५ मध्ये आली. साध्या गोष्टीला आठ वर्षे लागली! ग्रीनशॉट आणि शेअरएक्ससारखी मोफत साधने दरम्यान लोकप्रिय झाली ती अशा उणिवांमुळेच.

चित्राच्या प्रकारानेही बराच त्रास दिला. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा रंगीत पडदा पेंटमधून बीएमपी म्हणून साठवला तर साधारण २.३ एमबी होतो, आणि फ्लॉपीत मावत १.४४ एमबी. जेपीईजी केले की फाइल लहान होई, पण अक्षरांच्या कडेने मळकट ठिपके येत, कारण तो प्रकार छायाचित्रांसाठी बनला होता. सपाट रंग आणि बारीक अक्षरे जशीच्या तशी ठेवून फाइल लहान करणारा पीएनजी १९९६ मध्ये प्रमाणित झाला. देवनागरी वाचणाऱ्यांना या फरकाचे मोल जास्त, कारण आपल्या काना-मात्रा, अनुस्वार आणि रफार दोन-चार ठिपक्यांत बसवलेले असतात. सगळ्या लिप्यांसाठीची युनिकोड ही सामाईक पद्धत रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. त्यामुळे लग्नपत्रिका, कविता, जाहीर सूचना चित्र करूनच पाठवल्या जात. आज त्याच जुन्या चित्रांतून अक्षरे परत काढून हवी आहेत. गूगल लेन्स देवनागरी वाचते, ही मराठी माणसासाठी मोठी सोय आहे.

फोनवर वाट वेगळी होती. आयफोनमध्ये दोन बटणे दाबून पडदा टिपण्याची सोय २००८ मध्ये आली. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत ती २०११ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत नव्हती. त्याआधी फोन संगणकाला जोडून विकसकांची साधने वापरावी लागत किंवा फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या प्रणालीवरची बंधने काढावी लागत. लांब पान एका चित्रात घेण्याची सोय अँड्रॉइडने २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत दिली.

आता झाकण्याबद्दल, कारण खरे नुकसान इथे होते. नंबरावर बोटाने रेघोट्या ओढल्या की झाकले असे आपण मानतो. पण हायलायटर पेन अर्धपारदर्शक असते. त्याने काळी केलेली जागा चित्राचा उजेड वाढवला की पुन्हा वाचता येऊ शकते. चौकटी-चौकटींचा धूसरपणाही पुरेसा नाही. तसा मजकूर परत जुळवणारे डीपिक्स हे साधन २०२० मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याहून गंभीर प्रकार मार्च २०२३ मध्ये उघडकीस आला. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिले की गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटमधून कापून टाकलेला भाग परत मिळवता येतो. नवे, लहान चित्र जुन्या फाइलवरच लिहिले जाई, पण फाइलची उरलेली शेपटी छाटली जात नसे. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष निघाला. दोन्ही दुरुस्त झाले. त्याआधी पाठवून झालेल्या चित्रांपैकी जी मूळ स्वरूपात कुठे साठून राहिली, त्यांत मात्र तो भाग तसाच आहे. नंबर झाकायचा असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोनच वापरावा. हे बटण प्रत्येक साधनात पहिल्या रांगेत असायला हवे. बहुतेक ठिकाणी पेन पुढे असते.

पडदा कोणी टिपावा, हा प्रश्नही याच भीतीतून आला. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीत पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम सगळा पडदा वाचू शके. तिच्या जागी आलेल्या वेलँडने ते बंद केले, आणि अनेक आवडती स्क्रीनशॉट साधने काही काळ अडली. त्रास झाला, पण बदल योग्यच होता. अँड्रॉइडवर बँकांची बरीच ॲप्स स्क्रीनशॉट अडवतात, तेही याच कारणाने. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केले. दर काही सेकंदांनी पडदा आपोआप टिपायचा आणि पुढे शोधून द्यायचा, ही कल्पना 'पुन्हा सापडावे' या जुन्या इच्छेलाच उत्तर देणारी होती. टीका इतकी झाली की ते मागे घेऊन, बदल करून, एप्रिल २०२५ मध्ये द्यावे लागले. पुढच्याच महिन्यात सिग्नल या संदेशांच्या ॲपने विंडोजवर आपली खिडकी रिकॉलला दिसू नये अशी तजवीज केली.

पुराव्याचा भाग आपल्याकडे फार निकडीचा आहे. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून दुकानदाराला फसवणे अवघड राहिलेले नाही, म्हणून गल्ल्यावर रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स दिसतो. न्यायालयातही नुसती छापील प्रत चालत नाही. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. त्यात वाद चित्रीकरणाच्या सीडींचा होता. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून गणिताने काढलेला ओळखीचा आकडाही, मागितला आहे. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलते. म्हणून धमकीचा किंवा पैशाच्या वादाचा स्क्रीनशॉट असेल तर मूळ फाइल न कापता, न रंगवता वेगळी ठेवावी, ज्या फोनवर तो संदेश आला तो फोन आणि ते संभाषणही जपावे, आणि बाण-चौकटी फक्त दुसऱ्या प्रतीवर काढाव्यात.