टँकमध्ये आडवा पडलेला श्रिंप: कात टाकलीये की मेलाय?

सकाळी टँकचा लाइट लागतो, तुम्ही चहाचा कप घेऊन समोर येता आणि बघता तर रेतीवर क्लीनर श्रिंप (शोभेची लाल-पांढरी कोळंबी) आडवा पडलाय, पांढऱ्या मिशा पसरलेल्या, पाय वर, आणि शेपटीशी एमराल्ड क्रॅब, म्हणजे छोटा हिरवा खेकडा, बसून नांगीने काहीतरी तोडून तोडून तोंडात घालतोय. सॉल्टवॉटरमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, छोटे खेकडे आणि श्रिंप एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी दिसतंच आणि पहिल्यांदा दिसलं की डोक्यात एकच येतं, खेकड्याने मारला.

माझ्याही आलं होतं. मुलगी रडायला लागली, मी जाळी घेतली, त्या खेकड्याला धरायला दीड तास गेला, दगड उचलले, कोरलं हलवली, सगळं पाणी गढूळ झालं आणि शेवटी तो पकडून एका मित्राच्या टँकला पाठवून दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी फ्रोझन मायसिस (गोठवलेलं खाद्य) टाकलं तर दगडाच्या खालच्या फटीतून आमचा श्रिंप बाहेर आला, लालभडक, चकचकीत, आधीपेक्षा जरा मोठाच. रेतीवर पडली होती ती त्याची कात, खेकडा खात होता तीही तीच. आणि तो फटीत मऊ होऊन बसलेला असताना मी वरचे दगड उचलत होतो, त्यातला एक जरी घसरला असता तर मग खरंच मेला असता, हे आठवलं की अजून कसंतरी होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तर कात कशी ओळखायची. आपण कोळंबी सोलतो तेव्हा डोकं आणि धड जिथे जोडलंय तिथे मोडतो ना, बरोब्बर तिथेच, पाठीच्या बाजूने, श्रिंपचं जुनं कवच उघडतं आणि तो एका झटक्यात त्यातून बाहेर उडी मारतो. सगळं काही सेकंदांत होतं आणि बहुतेक वेळा रात्री, त्यामुळे आपल्याला फक्त सकाळचा रिकामा अंगरखा दिसतो. पण तो अंगरखा इतका पूर्ण असतो की फसायला होतंच, मिशा, पाय, शेपटीचा पंखा, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा, सगळं जागच्या जागी. म्हणून आधी मान बघा. टॉर्च लावा, काचेजवळून बघा, डोकं आणि धडाच्या मधे पाठीवर फट दिसली, डोक्याचा भाग झाकणासारखा वर उचललेला दिसला तर ती कात. दुसरं म्हणजे ती आरपार दिसते, कांद्याच्या पातळ सालीसारखी, रंग अगदी फिका. आणि वजन नसतं, पॉवरहेडचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) प्रवाह लागला की डोलते, सरकते, कधी कोरलात जाऊन अडकते.

मेलेला श्रिंप वेगळा दिसतो. जिवंत असताना त्याचं मांस बऱ्यापैकी पारदर्शक असतं, मेल्यावर ते दुधट होतं, कधी गुलाबीसर. राखाडी कोळंबी गरम कढईत टाकली की लाल होते ते बघितलंय ना, तिथे उष्णतेने प्रथिन मोडतं आणि त्यात दडलेला लाल रंग सुटा होतो, मेलेल्या श्रिंपमध्ये प्रथिनं मोडतात ती कुजण्याने आणि सावकाश, त्यामुळे तितका लाल होत नाही, पण अपारदर्शक नक्की होतो. शरीर जड असतं, तळाला पडून राहतं, मान बंद. आणि चिमट्याने बाहेर काढून वास घेतला तर शंकाच उरत नाही, कातीला फारतर समुद्राच्या पाण्याचा वास येतो, मेलेल्याचा वास हाताला लागला तर जेवण जात नाही.

एक अडचण आहे. रात्री बारा वाजता मेलेला श्रिंप सकाळी सातपर्यंत आतून साफ झालेला असू शकतो, ब्रिसल वर्म्स (केसाळ किडे), हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणि नासारियस गोगलगायी मिळून फडशा पाडतात, मग उरलेलं कवचही पोकळच दिसणार. अशा वेळी बघायचं की तुकडे झालेत का. खाल्लेल्या श्रिंपचं डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे, पोटाखालचे पाय गायब, कुठेतरी पांढरा मांसाचा धागा लटकतोय असं असतं. कात ताजी असेल तर अखंड असते. आणि नासारियसवर लक्ष ठेवा, त्या एरवी रेतीत गाडून फक्त सोंड वर काढून बसतात, मांसाचा वास आला की रेतीतून उसळून धावतात, त्यांची गर्दी झाली असेल तर मामला बहुधा मांसाचा आहे.

खेकड्यांची कात आणखी फसवी, कारण श्रिंपच्या कातीपेक्षा तिच्यात रंग जास्त टिकतो. एमराल्ड क्रॅबची कात म्हणजे नांग्यांसकट अख्खा खेकडाच, फक्त मागून बघायचं, पाठीचं कवच मागच्या बाजूने डब्याच्या झाकणासारखं उघडतं आणि खेकडा मागे मागे सरकत त्यातून निघतो. झाकण सहज वर उचललं जातंय आणि आत पोकळ आहे तर निश्चिंत राहा. झाकण घट्ट, पाय लोंबतायत, हातात जड लागतंय, तर गेला.

हर्मिटचं तर सगळ्यात गोंधळाचं. त्याच्या शंखाच्या तोंडाशी नांग्या, पाय, डोळ्यांचे देठ असं सगळं पडलेलं दिसतं आणि लोक म्हणतात शंखातून बाहेर येऊन मेला. तिथे मागचा भाग शोधायचा. हर्मिटचं पोट मऊ, वळलेलं, शेवाच्या जाड तुकड्यासारखं असतं, मेलेला हर्मिट बाहेर पडला तर ते मांसल पोट सोबत असतंच. कातीत त्या जागी फक्त एक पातळ पापुद्रा असतो किंवा तोही नसतो. मग शंख हळूच वळवून आत बघा, नवा हर्मिट आत खोल जाऊन बसलेला असतो, ओढून काढायचा अजिबात प्रयत्न करू नका.

नुसती एक नांगी किंवा पाय पडलेला दिसला तर ते दोन्हींपैकी काहीच नाही. भांडणात किंवा अडकल्यावर हे प्राणी पाय स्वतःच सोडून देतात आणि पुढच्या एकदोन कातींमध्ये तो परत येतो, आधी बारीक, मग नीट.

कात निघाली हे कळलं की पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. प्राणी बाहेर येतो तेव्हा पूर्ण मऊ असतो, पाणी शोषून फुगतो, त्या मोठ्या मापावर नवं कवच कडक होतं आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम बरंचसं पाण्यातूनच घेतो. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, एवढं स्थिर असलं की पुष्कळ झालं. आपल्याकडे मे महिन्यात पाणी भराभर उडतं आणि सॅलिनिटी गुपचूप वर जाते, रोज आरओचं पाणी टॉपअप करा, मिठाचं पाणी नाही. कॉपर असलेलं माशांचं औषध या टँकमध्ये थेंबभरही नको, श्रिंप आणि खेकडे दोघंही त्याने जातात.

आणि खेकड्याचा प्रश्न राहतोच, कारण तो अगदी निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. धडधाकट क्लीनर श्रिंप एमराल्डच्या हाताला लागत नाही, पण मऊ झालेला, कोपऱ्यात सापडलेला श्रिंप उपाशी खेकडा खाऊ शकतो. म्हणून एका लहान टँकमध्ये एकच एमराल्ड, तो खातो ती बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) संपली की रात्री त्याला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा, आणि दगडांच्या रचनेत अशा अरुंद फटी ज्यात श्रिंप जाईल पण खेकड्याची पाठ जाणार नाही. हर्मिटसाठी वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर ते गोगलगायी मारून शंख घेतात. अ‍ॅरो क्रॅब आणि लहान श्रिंप मात्र एकत्र नकोच, आणि कोरल बँडेड श्रिंप तर दुसऱ्या श्रिंपलाच सोडत नाही.

मेलेला असेल तर लगेच काढा आणि अमोनिया तपासा, छोट्या टँकमध्ये एक श्रिंप कुजला तरी बाकीच्यांना त्रास होतो, अमोनिया दिसला तर पाणी बदला. कात असेल तर मी काढत नाही, खेकड्याला खायला राहू देतो. क्लीनर श्रिंप दर काही आठवड्यांनी कात टाकतो, त्यामुळे आता कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो आणि तो दोन दिवस खायला आला नाही तरी दगडांना हात लावत नाही. मित्राकडून एमराल्ड परत आणलाय. गेल्या वेळी त्याने श्रिंपची कात डोक्याकडून खायला सुरू केली, संध्याकाळपर्यंत रेतीवर फक्त एक पांढरी मिशी उरली होती आणि मुलगी वरच्या फटीत टॉर्च मारून सांगत होती, बाबा, आत आहे तो, हलतोय.