गादीवाफा, उन्हाळी (इंदूर)

गादीवाफा, उन्हाळी : भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच, सपाट माथ्याचा भाजीचा वाफा. रोपवाटिकेतील रूढ माप ३ मी. × १ मी. × १५ सेंमी. भाजी शेवटपर्यंत त्याच वाफ्यावर वाढवायची असल्यास लांबी परसाप्रमाणे घेतात. रुंदी मात्र दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचेल एवढीच, म्हणजे १ ते १.२ मी. इंदूरच्या मराठी घरांत ‘वाफा’ आणि ‘क्यारी’ हे दोन्ही शब्द चालतात.

‘वाफा’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘वप्’ (पेरणे) या धातूशी त्याचे नाते सहज सुचते. मातीचा बांध वा उंचवटा या अर्थाचा संस्कृत ‘वप्र’ शब्द अर्थाने अधिक जवळचा. मेघदूतातील वप्रक्रीडेत हत्ती दातांनी उकरतो तो हाच उंचवटा. परंतु दोन्ही व्युत्पत्तींत ‘फ’मधील महाप्राणाचा (‘प’ला जोडलेल्या ह-काराचा) उलगडा होत नाही. ‘बाष्प’पासून आलेल्या ‘वाफ’ शब्दाशी जोडल्यास तो होतो आणि ‘वाफसा’ (मशागतीला योग्य ओल) हा शब्दही शेजारी येऊन बसतो. पण मग अर्थ ओढूनताणून लावावा लागतो. एकंदरीत ‘वप्र’कडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. रुंदावणाऱ्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. गादीवाफ्याचा रूढ उपयोग पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी. उन्हाळ्यात त्याची बाजू थोडी लंगडी आहे, कारण उचललेली माती लवकर सुकते. तरीही तो करतात, कारण माघातल्या थंड रात्रींनंतर उंच वाफा सपाट जमिनीपेक्षा आधी तापतो व वेलवर्गीय बी वेळेवर उगवते. म्हणून येथे १५ सेंमी. उंची पुरे, पावसाळी वाफ्यासारखी ३० सेंमी. उंची घेतल्यास वैशाखात दोन वेळा पाणी देऊनही वेल माना टाकतात.

भरावासाठी खत हवे, आणि येथे इंदूरचे नाव जगभर गेले आहे. १९२४ मध्ये इंदूर येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत (इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री) इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. तिचे सविस्तर विवेचन १९३१ मध्ये हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्या नावे ग्रंथरूपाने आले. पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. चीनमधील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या असे खत करीत, असे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथावरून दिसते आणि हॉवर्ड यांनी ते ऋण मानले होते. दुसरा पक्ष भारतीय शेतकऱ्यांच्या उकिरड्याला श्रेय देतो. काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर, ठराविक ओलावा आणि हवा खेळती राहावी म्हणून वेळच्या वेळी उलथापालथ ही शिस्त मात्र इंदूरचीच, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. वाड यांचे नाव पुढील लोकप्रिय लेखनात मागे पडले, हे खटकते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही हे काम पाहिले होते.

या पद्धतीत खत सु. तीन महिन्यांत तयार होते. म्हणजे माघात वाफा भरायचा तर खताचा खड्डा दिवाळीनंतर लगेच भरावा लागतो. त्या वेळी सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) मुबलक असते.

वाफा वाफशावरच करतात. मूठभर मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटला तर कुदळ लावावी, चपटा होऊन बसला तर चार दिवस थांबावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकळे विटेसारखी वाळतात आणि उन्हाळाभर फुटत नाहीत. माती वीतभर खोल खणून, भोवतालच्या पाटाची माती वर ओढून, दर ३ चौ. मी.ला दोन-तीन घमेली कुजलेले खत मिसळतात. चिकण माती मोकळी व्हावी म्हणून मूठ-मूठ वाळू घालण्याची सवय आढळते. थोड्या वाळूने माती उलट घट्ट होते, तेथे खतच उपयोगी. कडेला विटा रचल्यास त्या दुपारी तापतात व कडेची रोपे करपतात. वाफ्यावर पाय देऊ नये.

लागवड जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा : काकडी, गिलके, दोडके, कारले, भेंडी, गवार, चवळी. वेलींना मांडव लागतो. गहू निघाल्यावर मिळणारा भुसा रोपांभोवती दोन बोटे जाडीचा, बुंध्यापासून जरा दूर पसरतात; तो उडू नये म्हणून वर पाणी शिंपडतात. पाणी सकाळी लवकर. माळव्यात उन्हाळ्याच्या रात्रीही बऱ्याच थंड असल्याने (‘शब-ए-माळवा’, म्हणजे माळव्याची रात्र, ही ख्याती त्यामुळेच) दुपारी मलूल दिसलेला वेल पहाटे ताठ उभा असतो. पहाटेही मान खाली असेल, तरच जादा पाणी द्यावे.