सर्वाधिक विजय पॅटर्नोंचे नव्हेत

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हेल्मेट घालून खेळतात तो) सर्वाधिक सामने जिंकणारे प्रशिक्षक म्हणून पेन स्टेट विद्यापीठाच्या जो पॅटर्नोंचं नाव सर्रास घेतलं जातं. पण तिथे कॉलेजांचे वेगवेगळे गट असतात आणि त्यांचे ४०९ विजय हा फक्त सर्वोच्च गटातला विक्रम आहे. सगळे गट धरले तर पहिले येतात जॉन गलार्डी: ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. १९४९ ते २०१२ असे सलग ६४ हंगाम. पहिले चार मोंटानातल्या कॅरल कॉलेजात, उरलेले साठ मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठात.

घोळ होतो कारण टीव्हीवर दिसतो तो वरचा गट. सेंट जॉन्स तिसऱ्या गटात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पॅटर्नोंचे १११ विजय २०१२ मध्ये रद्द झाले, २०१५ मध्ये परत मिळाले. त्या गदारोळातही गलार्डींची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

खरी गंमत त्यांच्या सरावात. साधारण दीड तासात आटोपायचा. शिट्टी नाही, धडका मारायची अवजड ढकलगाडी नाही, आणि सरावात समोरच्याला जमिनीवर पाडायला सक्त मनाई. त्यामुळे सामन्याआधीच गुडघे-खांदे जायबंदी होणं टळायचं. खेळाडू त्यांना ‘कोच’ नव्हे, नुसतं ‘जॉन’ म्हणत. राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३.