लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींवर दुर्बिणीद्वारे उपचार

वजन घटवण्यासाठी जठर किंवा लहान आतडे यांवर शस्त्रक्रिया केल्यानंतर गळती, आकुंचन, व्रण किंवा रक्तस्राव उद्भवल्यास पोट पुन्हा न उघडता, तोंडावाटे दुर्बीण (एंडोस्कोप) घालून केले जाणारे उपचार. जठर बायपासची पद्धत (जठराचा लहान कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडणे व उरलेले जठर अन्नाच्या वाटेतून वगळणे) एडवर्ड मेसन यांनी १९६०-७० च्या दशकात रूढ केली. दुर्बिणीचे हे उपचार त्यामानाने अलीकडचे आहेत.

गळती : स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून स्टेपलने शिवलेली अरुंद नळी उरवतात. गळती बहुधा शिवणीच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या सांध्याजवळ होते. ती तेथेच का होते, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते त्या भागाचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो व शस्त्रक्रियेत तो आणखी घटतो. इतर काही जण स्टेपल नीट न बसणे हे कारण देतात. यांत्रिक दोषाची गळती साधारणतः पहिल्या दोन दिवसांत, तर रक्तपुरवठ्याअभावी होणारी पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास दिसते, असे मानतात. मात्र ही विभागणी नळीतील दाबाचा पुरेसा विचार करत नाही. जठर जेथे वळते तेथे नळी चिंचोळी किंवा पिळलेली राहिली, तर वरच्या भागात दाब वाढतो. खालचे आकुंचन तसेच ठेवून नुसते भोक झाकल्यास गळती सहसा थांबत नाही; त्यामुळे उपचारांच्या दृष्टीने दाबाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

सुरुवातीच्या आठवड्यांत आच्छादित धातूचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवतात, पण तो घसरण्याची अडचण नेहमीची. पू साठला असेल तर दोन्ही टोके वेटोळी असलेली प्लास्टिकची बारीक नळी भोकातून सरकवतात : एक टोक पुवाच्या पोकळीत, दुसरे जठरात. पू आत झिरपतो आणि पोकळी हळूहळू आक्रसते. पोकळीत स्पंज ठेवून सततच्या शोषणाने ती रिकामी राखणे हा दुसरा मार्ग. स्पंज दर ३ ते ५ दिवसांनी बदलावा लागतो. जुनाट गळतीत कडा निबर झाल्याने भोक मिटवणारी क्लिप (चिमटा) नीट धरत नाही. तेव्हा पोकळी व जठर यांमधला पडदा कापतात आणि आकुंचनही फुग्याने रुंदावतात. त्यासाठी ३० मिमी. किंवा त्याहून मोठा फुगा लागतो.

बायपासनंतर : जठर-आतडे जोडाचे आकुंचन लहान फुग्याने, टप्प्याटप्प्याने रुंदावतात. जोडावरील व्रणाला आम्लरोधक औषधे देतात व धूम्रपान बंद करायला सांगतात. दुर्बिणीचे काम तेथे मुख्यतः निदान व रक्तस्राव थांबवणे एवढेच. पित्तनलिकेतील खडे काढणे अवघड, कारण नेहमीची वाट उरलेली नसते. त्यासाठी फुग्याची लांब दुर्बीण वापरतात किंवा स्टेंटने वगळलेल्या जठरात तात्पुरती वाट पाडतात.

पट्टी : वजन घटवण्यासाठी जठराभोवती बसवलेली पट्टी जठराची भिंत पोखरून आत आल्यास तिला तार अडकवून कापतात व तोंडावाटे काढतात, मात्र तिचे बकल (पट्टी अडकवण्याचा भाग) आत दिसू लागेपर्यंत बहुधा थांबतात.