ल्युपिन: नाव लांडग्याचं, काम तागाचं

ल्युपिन म्हटलं की आपल्याकडे आधी गोळ्यांची स्ट्रिप आठवते. १९६८ साली सुरू झालेल्या त्या औषध कंपनीनं नाव ल्युपिन याच शेंगवर्गीय फुलझाडावरून घेतलंय. आणि टेक्सासमधले नातेवाईक मार्च-एप्रिलमधे पोरांना निळ्या फुलांच्या रानात बसवून फोटो टाकतात ना, ते ब्लूबॉनेट म्हणजेही ल्युपिनच. १९०१ पासून तिथलं राज्यफूल, तेव्हा कपाशीचं बोंड आणि निवडुंगही शर्यतीत होते. नेमकी कुठली जात खरी हा वाद मात्र पुढे चालूच राहिला, शेवटी १९७१ मधे सगळ्याच जाती धरून तो मिटवला.

आता नाव. लॅटिनमधे लुपस म्हणजे लांडगा, लुपीनस म्हणजे लांडग्याचं (लुपस नावाचा आजारही त्याच लांडग्याचा). पण शेंगेच्या झाडाला लांडगा कशाला? नेहमीचं उत्तर असं की हे झाड रेताड, नापीक जमिनीवर दिसायचं म्हणून जुन्या लोकांना वाटलं की हेच जमिनीचा कस लांडग्यासारखं ओरबाडून खातंय. मला हे अजिबात पटत नाही, कारण शेतीवर लिहिणारे रोमन लेखक पहिल्या शतकातच सांगतायत की ल्युपिन पेरा आणि नांगरून गाडा, जमीन सुधारते, म्हणजे आपण हिरवळीच्या खतासाठी ताग नाहीतर धैंचा गाडतो अगदी तसंच. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात वगैरे त्यांना माहीत नसेल, पण पुढचं पीक कसं येतं ते दिसत होतंच की.

दुसरा तर्क ग्रीक ल्यूपे, म्हणजे दुःख. दाणा इतका कडू की खाणाऱ्याचं तोंड रडवेलं होतं म्हणे, आणि एका रोमन कवीनं याला 'उदास' असं विशेषणही लावलंय. पण ग्रीक लोक स्वतः याला थर्मोस म्हणायचे, त्याचंच अरबीत तुर्मुस झालं आणि तिथून पोर्तुगीजमधे त्रेमोसु, जे लिस्बनला आजही बिअरबरोबर चखना म्हणून मिळतं. मग रोमनांनी झाडाचं नाव सोडून फक्त दुःख उचललं का?

माझा आपला अंदाज, आपण कुत्र्याची छत्री किंवा डुकरकंद म्हणतो तसलं काहीतरी असणार. माणसाच्या कामाचं नाही ते जनावराच्या नावावर. रोमन नाटकांत तर हे दाणे खोटी नाणी म्हणून वापरायचे, इतकीच त्यांची किंमत.

कडूपणा अल्कलॉइड नावाच्या रसायनांचा, म्हणून दाणे शिजवून कित्येक दिवस पाणी बदलत भिजवायला लागतात. १९२०च्या दशकाच्या शेवटी एका जर्मन संशोधकानं अल्कलॉइड ओळखणारी झटपट टेस्ट बनवून लाखो झाडं तपासली आणि त्यातून गोडी, म्हणजे कडू नसलेली ल्युपिन निघाली. मग १९६० नंतर पश्चिम ऑस्ट्रेलियानं ती मोठ्या प्रमाणावर लावली. जाती दोनशेच्या वर, बहुतेक अमेरिका खंडांतल्या, खाण्यासाठी लावतात त्या मुख्यतः चारच: पांढरी, पिवळी, निळी आणि अँडीज पर्वतातली तारवी. बागेतले ते उंच रंगीत तुरे इंग्लंडमधल्या यॉर्कच्या एका माळ्याची करामत, १९३७ च्या प्रदर्शनात पहिल्यांदा गाजले.

खरी भानगड आइसलंडमधे झाली. जंगलतोड आणि मेंढ्यांच्या चराईनं तिथली माती शतकानुशतकं उडून जात होती, म्हणून १९४५ मधे अलास्काहून ल्युपिनचं बी आणलं. माती धरून ठेवली, नत्रही दिलं, सगळं सांगितल्यासारखं केलं. फक्त थांबलं नाही. त्या कंगाल जमिनीवर टिकणारं शेवाळ आणि रानबेरीची झुडपं आता त्याच्याखाली दडपली जातायत, त्यामुळे काहीजण ते उपटायला जातात आणि काहीजण म्हणतात राहू दे, नाहीतर परत उघडं वाळवंटच होतं की. जूनमधे डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, पर्यटक खूश.

आइसलंडमधे लांडगा कधी नव्हताच, तो असा आला.